तार तुटली तरी काम चालू

मोबाइल आल्यापासून फोन 'ठेवायला' जागाच उरलेली नाही. पूर्वी तो काळा, जड रिसीव्हर खरोखर जागेवर ठेवावा लागे. आता आपण काचेवर बोट टेकवतो आणि तोंडाने म्हणतो, "बरं, ठेवतो मग." वस्तू गेली, शब्द राहिला.

संगणकाच्या पोटातही असाच एक शब्द गेली पन्नासएक वर्षं राहून गेलाय. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रत्येक यंत्रात (यात जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर आले) संकेतांची एक यादी असते. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या संकेताचं नाव आहे 'हँगअप'. म्हणजे, समोरच्याने फोन ठेवला. हा संकेत मिळाला की चालू असलेला प्रोग्रॅम, त्याला वेगळं काही सांगून ठेवलेलं नसेल तर, मुकाट्याने मरतो.

आज या शब्दाची आणि त्याला हूल देणाऱ्या एका छोट्याशा प्रोग्रॅमची गोष्ट सांगायची आहे. इथे येणाऱ्यांत दोन गट आहेत हे मला ठाऊक आहे. संगणकवाले मित्र म्हणतील, 'टीमक्सवर काय लिहायचंय, सगळ्यांना येतं की!' आणि काका-मावशी मंडळी म्हणतील, 'हे टीमक्स काय असतं बाबा?' मित्रांनी थोडी कळ काढावी, त्यांनाही काही जुन्या गोष्टी नव्याने सापडतील. काका-मावशींनी घाबरू नये, गोष्ट शेवटी मागापाशी आणि मिलपाशीच येणार आहे.

आधी माझ्या कामाबद्दल दोन शब्द, कारण दर लग्नकार्यात हा प्रश्न येतोच. मी सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरात, थंड खोलीत, रात्रंदिवस चालू असलेले संगणक. मी जुळे सोलापुरात माझ्या खोलीत बसून त्यांच्याशी बोलतो. चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची, उत्तर अक्षरांतच येतं. या काळ्या पडद्याला म्हणतात टर्मिनल. मधे एक तार असते असं समजा. प्रत्यक्षात ती माझ्या राउटरपासून समुद्राखालच्या केबलपर्यंत कशीही जात असेल, पण माझ्या दृष्टीने ती एक तारच. आणि तार म्हटली की ती कधीतरी तुटणार, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे गोष्टीची सुरुवातही तारेपासूनच होते. पोस्टातल्या तारेपासून. 'मल्टिप्लेक्स' म्हटलं की आपल्याला एका इमारतीतली चार थिएटरं आठवतात, पण शब्द तारखात्याचा आहे. तारा ओढणं फार खर्चाचं काम होतं. म्हणून एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश कसे पाठवता येतील, या विचाराने एकोणिसाव्या शतकातल्या मंडळींची झोप उडाली होती. १८७४ साली अमेरिकेत एडिसनने एका तारेवरून चार संदेश, दोन जाणारे आणि दोन येणारे, पाठवून दाखवले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एमिल बोदोने आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं. त्यात अनेक यंत्रचालक एकाच तारेवर पाळीपाळीने, क्षणाक्षणाची वाटणी करून काम करत. मोडेमचा वेग सांगताना 'बॉड' म्हणायचे ना, ते याच बोदोचं नाव. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण एक तार आणि अनेक कामं ही कल्पना बंद व्हायची नव्हती.

तारेच्या टोकाला पुढे टाइपरायटर जोडला गेला आणि टेलिप्रिंटर झाला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडत बातम्या छापत बसायचा तोच. १९६० च्या दशकात संगणकवाल्यांना प्रश्न पडला की एवढ्या महागड्या यंत्राशी अनेक माणसांनी एकाच वेळी कसं बोलायचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक पद्धत दाखवली. संगणकाने प्रत्येकाला थोडा थोडा वेळ द्यायचा, पण इतक्या झटपट की प्रत्येकाला वाटावं, यंत्र माझ्या एकट्याचंच आहे. बोदोने तारेचं केलं होतं तेच यांनी यंत्राचं केलं. आणि बोलायला साधन म्हणून बाजारात तयार मिळणारा टेलिप्रिंटरच घेतला. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवलं ते टेलिटाइप मॉडेल ३३ वर बसून. सेकंदाला १० अक्षरं, तीही कागदावर. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचंच लघुरूप.

हा टेलिप्रिंटर संगणकाच्या शेजारीच असायला हवा असं नव्हतं. मोडेम लावून साध्या फोनवरूनही जोडता येई. आता विचार करा. एक प्राध्यापक घरून फोन लावून विद्यापीठाच्या संगणकावर काम करतोय आणि मधेच फोन कट झाला. त्याने सुरू केलेल्या कामाचं काय करायचं? तेव्हाचं उत्तर सरळ होतं. माणूस गेला, त्याचं काम मारा. यंत्र लाखमोलाचं, रांगेत इतर लोक थांबलेले, मालक नसलेलं काम उगाच कशाला चालू ठेवायचं? म्हणून तो पहिल्या क्रमांकाचा संकेत. तार सुटली की यंत्राने तारेवरच्या सगळ्या प्रोग्रॅमना सांगायचं, फोन ठेवला गेलाय, आवरा.

हा नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. ज्या काळात यंत्र महाग आणि तार मानाने भरवशाची, त्या काळाला तो शोभून दिसणारा होता. पण त्यात एक गाठ मारली गेली. काम तारेला बांधलं गेलं आणि तार माणसाला.

आपल्याकडे ही गाठ सर्वसामान्यांच्या वाट्याला आली ती १९९५ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचं स्वस्तातलं खातं म्हणजे 'शेल अकाउंट'. मोडेमवरून फोन लावायचा, पलीकडच्या युनिक्स यंत्रात शिरायचं आणि काळ्या पडद्यावर पत्रं वाचायची. चित्रं बघायची सोय नाही. म्हणजे १९७० च्या दशकातला तो प्राध्यापक आणि १९९५ सालचा मुंबईतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, दोघं अगदी एकाच जागी उभे होते. फरक एवढाच की आपल्याकडे घरातल्या कुणी बाहेरच्या खोलीतली पॅरलल लाइन उचलली, "हॅलो... हॅलो, कोण बोलतंय?" म्हटलं, की गेलं सगळं. अर्धं लिहिलेलं पत्र, निम्मी उतरवलेली फाइल, सगळं त्या एका 'हॅलो'त संपायचं. डायल-अपच्या काळात मोठे झालेल्यांना तो राग आठवत असेल!

युनिक्सवाल्यांनी या गाठीवर पहिला तोडगा फार लवकर काढला होता. 'नोहप' नावाची एक आज्ञा. कामाच्या आधी हा शब्द लिहिला की त्या कामाला फोन ठेवल्याचा संकेत ऐकूच येत नाही. काम चालू राहतं. पण ते एकतर्फी असतं. एकदा तार सुटली की पुन्हा त्या कामासमोर जाऊन बसता येत नाही. त्याने मधेच काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणी नाही. गावाला निघताना गॅसवर भाजी ठेवून कुलूप लावल्यासारखं. भाजी होईल कदाचित, पण झाकण काढून बघता येणार नाही.

खरा तोडगा सुचायला आधी आणखी एक गोष्ट व्हावी लागली. टर्मिनल हे लोखंडी यंत्र उरलं नाही पाहिजे. १९७८ मध्ये डिजिटल कंपनीचं व्हीटी-१०० आलं. कागदाच्या जागी काच, ८० रकाने, २४ ओळी. कर्सर हवा तिथे नेता येऊ लागला. पुढे १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये 'छद्म टर्मिनल' आलं, म्हणजे खोटं टर्मिनल. प्रोग्रॅमला वाटतं आपल्यासमोर खरा टर्मिनल आहे, त्यावर माणूस बसलाय. प्रत्यक्षात समोर बसलेला असतो दुसरा प्रोग्रॅम. नाटकात एकजण राजा होऊन बसतो आणि दरबारी खरेच मुजरे करतात, तसं.

आता या खोट्या टर्मिनलमुळे दोन वाटा उघडल्या आणि माझ्या मते आजची सगळी गोष्ट या दोन वाटांचीच आहे.

पहिली वाट म्हणजे पडदा वाटून घेणं. बर्कलीच्या एडवर्ड वँगने 'विंडो' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो १९८६ च्या ४.३ बीएसडीबरोबर आला. एकाच काचेवर अनेक चौकटी, प्रत्येकीत वेगळं काम.

दुसरी वाट म्हणजे पडदा सोडून जाणं. १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ओलिव्हर लाउमानने 'स्क्रीन' लिहिला, कार्स्टेन बोर्मान त्याच्या जोडीला होता. (तेव्हा बर्लिनही जुळंच होतं, मधे भिंत घातलेलं. आमच्या जुळे सोलापूरचं तसं नाही. शहराच्या दक्षिणेला विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढलेली ही वस्ती मुख्य सोलापूरला बिनभिंतीची चिकटलेली आहे.) सुरुवातीला स्क्रीनने एका टर्मिनलवर अनेक पडदे आळीपाळीने दाखवले. पण पुढे त्यात जी सोय आली तिने खरी क्रांती केली. सोडून जायची आणि परत येऊन जोडून घ्यायची सोय.

हे आतून कसं चालतं ते सांगतो, कारण मला त्याचं साधेपण फार आवडतं. तुम्ही दूरच्या यंत्रावर हा प्रोग्रॅम सुरू केलात की त्याचे दोन भाग होतात. एक भाग तुमच्या तारेच्या टोकाशी बसतो, त्याचं काम फक्त दाखवणं आणि तुमची अक्षरं आत पोचवणं. दुसरा भाग त्याच यंत्रात मागे जाऊन बसतो, त्याचा कुठल्याच तारेशी संबंध नसतो. तुमची सगळी कामं या दुसऱ्या भागाने बनवलेल्या खोट्या टर्मिनलांवर चालतात. तार तुटली की संकेत जातो, पण तो जातो पहिल्या भागाला. तो बिचारा नियमाप्रमाणे मरतो. मागचा भाग मात्र बसल्या जागी असतो, आणि कामांना तर काही घडल्याचा पत्ताच लागत नाही, त्यांचा राजा अजून सिंहासनावरच असतो. तुम्ही दोन तासांनी, दोन दिवसांनी पुन्हा तार जोडा आणि म्हणा, मी आलोय. पडदा जसा सोडला होता तसा, कर्सर लुकलुकत, मधल्या काळात जे काही छापलं गेलं त्यासकट समोर उभा.

म्हणजे हँगअपचा नियम कुणी मोडला नाही, रद्द केला नाही. फक्त मरायला एक वेगळा भाग पुढे केला.

स्क्रीनचं पुढे जरा रेंगाळलं. पडद्याची आडवी विभागणी त्यात होती, पण उभी विभागणी अधिकृत आवृत्तीत यायला २०१४ उजाडलं. तोवर निकोलस मॅरियटने २००७ मध्ये नव्याने लिहायला घेतलेलं टीमक्स पुढे निघून गेलं होतं. २००९ मध्ये ओपनबीएसडीने ते आपल्या मूळ संचातच घेतलं. टीमक्सने दोन्ही वाटा एकत्र आणल्या, वाटून घेणंही आणि सोडून जाणंही. कंट्रोल आणि बी दाबायचं, मग टक्क्याची खूण, की पडदा उभा दुभंगतो. कंट्रोल-बी आणि दुहेरी अवतरणचिन्ह, की आडवा. आणि कंट्रोल-बी, मग डी, की आपण बाहेर. काम आत चालू.

माझ्या पडद्यावर साधारण तीन चौकटी असतात. डावीकडे मोठी, तिथे मी काम करतो. उजवीकडे वर यंत्राची नाडी दिसते, किती भार, किती जागा शिल्लक. खाली नोंदींची धार वाहत असते. पूर्वी यासाठी तीन टर्मिनलं, तीन तारा लागल्या असत्या. आता एक तार पुरते. बोदोआजोबा खूश झाले असते. एकच खंत आहे, यात मराठी नीट बसत नाही. टेलिटाइपपासूनचा नियम, एका घरात एक अक्षर. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या चौकोनी घरात कोंबताना अजूनही ओढाताण होते. मराठी नावाची फाइल उघडली की 'क्ष' फुटलेला बघून आपल्याच माणसाला परक्या गावात अवघडून बसलेलं पाहावं तसं वाटतं. असो.

एवढ्या सगळ्याचा मला काय उपयोग? काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक रात्र सांगतो. एका ग्राहकाचा सगळा साठा जुन्या यंत्रावरून नव्यावर हलवायचा होता. सात-आठ तासांचं काम, मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि सकाळी नऊला त्यांची दुकानं उघडणार. अकराला सुरू केलं. दीडच्या सुमारास वळिवाचा पाऊस आला, वारा सुटला, कुठे तरी झाड पडलं असावं, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने तासभर साथ दिली, मग राउटरचे दिवे विझले. मोबाइलला रेंज नाही. आई उठून आली.

"लाइट गेली की रे. अंधारात काय करायलास?"

"काही नाही. झोपतो आता."

"आणि ते काम?"

"ते चालूय."

आईला काही पटलं नसावं. लाइट नाही, नेट नाही, पोरगा झोपायला चाललाय आणि म्हणतो काम चालूय! पण मी खरंच झोपलो. सहाला लाइट आली, चहा घेत घेत जोडून घेतलं. मधल्या चौकटीत काम आपलं शांतपणे पुढे सरकत होतं, तास-दीड तासाचं उरलं होतं. सव्वासातला संपलं.

मी सोलापुरात राहून काम करायचं म्हटलं तेव्हा कंपनीने रास्त प्रश्न विचारला होता, तिकडे विजेचा, नेटचा भरवसा काय? मी म्हटलं, नाहीच. म्हणून मी काम इथे ठेवत नाही. जिथे भरवसा आहे तिथे ठेवतो, इथून फक्त बघतो. हे उत्तर त्यांना पटलं आणि मी राहिलो. आईचं वय, तिचे डॉक्टर, हे घर, सगळं त्या उत्तरावर उभं आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. मी राहू शकलो यात माझ्या हुशारीपेक्षा कंट्रोल-बी-डीचा वाटा मोठा आहे असं मी मनापासून मानतो.

तारेच्या या दुखण्यावर इतरांनीही औषधं काढली. २०१२ मध्ये एमआयटीत कीथ विनस्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी 'मॉश' आणलं. त्यात वायफायवरून मोबाइलवर गेलात, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडलात, तरी जोडणी आपली आपण सावरून घेते. बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा, तेवढाच आपला महाराष्ट्राचा हात लागला.

आणि जुना वादही अधूनमधून डोकं वर काढतो. २०१६ मध्ये लिनक्सच्या अनेक वितरणांत वापरल्या जाणाऱ्या सिस्टिमडीने ठरवलं की माणूस बाहेर पडला की त्याची मागे राहिलेली सगळी कामं आपोआप मारायची. तर्क तोच १९७० च्या दशकातला, बेवारस कामं कशाला पोसायची. झालं, टीमक्सवाले खवळले. आमची कामं बेवारस नाहीत हो, मालक जरा बाहेर गेलाय! डेबियनसारख्या वितरणांनी आपल्याकडे तो पर्याय उलटा करून ठेवला. गेलेला माणूस परत येणार आहे की नाही, हे यंत्राने कसं ओळखायचं? हा प्रश्न पन्नास वर्षांत सुटलेला नाही.

आता मागाकडे येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या गल्लीतून गेलात तर तो खटखटाट ऐकू येतो. वीज गेली की सगळे माग एका दमात गप्प होतात. धोटा जिथे असेल तिथे थांबतो. पण बीमवर गुंडाळलेला ताणा मागावरच असतो, विणलेलं कापड पुढे असतं. वीज आली की विणकर धोटा, सूत बघतो, तुटलेला धागा गाठतो, आणि जिथे राहिलं तिथून पुढे. चादर पहिल्यापासून विणायला घेत नाहीत! चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते, त्याच पुठ्ठ्यांच्या कल्पनेतून पुढे संगणकाची पंच कार्डं आली हे तुम्ही वाचलं असेल. पण 'जिथे राहिलं तिथून पुढे' हे शहाणपण मात्र संगणकाला मागाकडून मिळालं नाही, ते त्याला फार उशिरा आणि आडवाटेने मिळालं. कारण मागावर काम आणि विणकर कधी एकमेकांना बांधलेलेच नव्हते. विणकर घरी जेवायला गेला तरी ताणा मागावरच राहतो.

इथवर लिहून मी खूश होतो. टीमक्स म्हणजे सोलापुरी मागच की, असं काहीतरी म्हणून लेख संपवणार होतो. पण नीट पाहिलं तर तुलना एका जागी उलटी पडते, आणि तीच जागा महत्त्वाची आहे.

टीमक्सचं सेशन राहतं कुठे? दूरच्या यंत्राच्या स्मृतीत. माझी तार शंभर वेळा तुटू दे, त्याला काही होत नाही. पण ते यंत्रच बंद पडलं किंवा कुणी बंद करून पुन्हा सुरू केलं, की सेशन संपलं. चौकटींची मांडणी पुन्हा उभी करून देणारी जोडसाधनं आहेत, पण त्या चौकटींत जे चालू होतं ते परत येत नाही. अखंड म्हणतो ते अखंड, पण तिकडच्या विजेवर. म्हणजे भरवशाचा प्रश्न सुटला नाही, तो फक्त माझ्या घरातून उठून दुसऱ्या गावी गेला.

माझे आजोबा मिलमध्ये साचाखात्यात होते. सोलापूर हे गिरणगाव. १८७७ सालची जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, आणि भोंग्यावर चालणारं सगळं शहर. आजोबांच्या वेळी माणूसही इथे आणि साचाही इथे. १९६० च्या दशकापासून पुढे एकेक मिल बंद पडत गेली, आणि मग माणूस इथे पण साचा कुठेच नाही, अशी वेळ आली. साचे भंगारात गेले. ज्यांना जमलं ती माणसं भिवंडीला, मुंबईला, पुण्याला साचा शोधत गेली.

माझ्या वेळी तिसरंच झालंय. माणूस इथे, साचा परगावी, आणि मधे तार. आजोबांना मिल बंद होणार याचा वास महिनोन्‌महिने आधी आला होता. कापूस कमी यायला लागला, पाळ्या कमी झाल्या, दारात सभा व्हायला लागल्या. माझा साचा ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी मला एक ओळ दिसेल, जोडण्यासाठी सेशन सापडलं नाही. बस्स. दार नाही, सभा नाही, भोंगा नाही.

भोंगा नसण्याची आणखी एक बाजू आहे. आजोबांची पाळी भोंग्याला संपायची. साचा चालू असला तरी दुसरा माणूस यायचा आणि हे घरी. माझं सेशन कधीच संपत नाही, म्हणून माणसानेही सतत जोडलेलं असावं अशी एक न बोललेली अपेक्षा हळूहळू तयार होते. ज्या सोयीचा खरा अर्थ 'सोडून जाता येतं' असा आहे, तिचाच वापर 'कधीही परत येता येतं' एवढ्यापुरता व्हायला लागतो. मॅरियटने डी हे अक्षर दिलंय ते सुटण्यासाठी. मी आता संध्याकाळी सातला ते दाबतो आणि मग जेवण होईपर्यंत खोलीत जात नाही. आईला तेवढं कळलंय. सात वाजले की ती बाहेरून हाक मारते, "झाला का रे भोंगा?"

एवढं सगळं बघूनही मला या छोट्या प्रोग्रॅमबद्दल तक्रार नाही. त्याने मला घरी ठेवलं. पण आपल्या भागात हल्ली जे म्हटलं जातं, की आता काय, गावात बसून जगाचं काम करता येतं, पुण्याला जायची गरज नाही, ते अर्धंच खरं आहे. माणूस गावात राहतो हे खरं. साचा गावात आलेला नाही हेही तितकंच खरं. जुनी मिल सोलापुरात होती म्हणून तिच्याभोवती शहर उभं राहिलं, कारागीर झाले, दुरुस्तीवाले झाले, खाणावळी झाल्या. माझ्या खोलीभोवती एक राउटर आणि एक इन्व्हर्टर उभा आहे. माझ्या भाच्याला हे काम शिकवताना मी आता त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, लांबचं काम कधीही उघड्या तारेवर सुरू करायचं नाही, आधी टीमक्स. दुसरी, थोडं तरी असं काम शोध ज्याचा साचा इथेच असेल. पहिली गोष्ट तो एका दुपारीत शिकला. दुसरी त्याला सापडावी अशी फार इच्छा आहे. तुमच्यापैकी कुणी सोलापुरात तसं काही उभं करत असाल तर जरूर कळवा, मी पोराला पाठवून देतो.